विजेचा दाब : देशोदेशीचा आणि घरोघरचा



स्वयंपाकघरातील मिक्सर उलटा करून पाहिला, तर त्याच्या तळाशी धातूची किंवा कागदाची एक लहानशी पट्टी चिकटविलेली आढळते. ‘२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ’ अशासारखे आकडे तिच्यावर छापलेले असतात. उपकरण खरेदी करताना त्याचा रंग पाहिला जातो, किंमत विचारली जाते, हमीपत्रावर दुकानदाराचा शिक्का आठवणीने घेतला जातो. ही पट्टी मात्र सहसा कोणी वाचीत नाही. वाचली नाही म्हणून फारसे बिघडतही नाही, कारण भारतातील दुकानात मिळणारे उपकरण भारतातील विजेसाठीच तयार केलेले असते. पट्टीची आठवण होते ती उपकरणाने देशाची सीमा ओलांडल्यावर, किंवा गावातील वीज पट्टीवरील आकड्याशी इमान राखीनाशी झाल्यावर. या दोन्ही प्रसंगांचा विचार येथे करावयाचा आहे.

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात, मही नदीच्या काठी, सरदारपूर हे तहसिलीचे गाव आहे. धार आणि देवास येथे पवारांची सत्ता होती. सरदारपूरचा परिसर शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात मोडत असे. या राज्यांच्या आश्रयाने माळव्यात आलेली मराठी कुटुंबे पुढे तेथलीच झाली. अशा घरांतील मुले आता इंदूर-पुण्याहून शिकून अमेरिका, इंग्लंड, जपानपर्यंत पोहोचली आहेत. त्यांपैकी एखाद्याने दिवाळीला घरी येताना आईसाठी अमेरिकेतून मिक्सर आणला, अशी कल्पना करावी. त्याच्या चपट्या पिना आपल्या भिंतीतील सॉकेटमध्ये बसत नाहीत, म्हणून बाजारातून एक अडॅप्टर आणला जातो. शेंगदाण्याचे कूट करावयास घेतले जाते. मिक्सर किंचाळत भलत्याच वेगाने फिरतो, जळका वास सुटतो आणि क्षणार्धात सारे थंड होते. मुलगा खजील होतो. ‘आपला पाटा-वरवंटाच बरा,’ असे आई म्हणते, आणि त्या क्षणी तरी तिचे म्हणणे कोणाला खोडून काढता येत नाही.

अडॅप्टरने पिनांचा आकार बदलला होता, विजेचा दाब नव्हे. मिक्सर १२० व्होल्टसाठी बनविलेला होता आणि त्याला जवळजवळ दुप्पट दाब मिळाला. उलट दिशेनेही असाच प्रकार घडतो. मात्र तो गमतीचा असतो. येथली एक हजार वॅटची इस्त्री अमेरिकेत नेऊन लावली, तर ती जळत नाही. पण दाब निम्म्यावर आल्यामुळे तिची शक्ती चौथ्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे सुमारे २७० वॅटवर उतरते. ती कोमट होते, परंतु कपड्याच्या चुण्या जात नाहीत.

विजेचा दाब म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी सरदारपूरकरांना फार लांब जावे लागत नाही. मही नदीचा उगम याच तहसिलीतील मिंडा गावाजवळ होतो. तेथे उगम पावलेली ही नदी पुढे राजस्थानात बांसवाड्याजवळ माही बजाज सागर आणि गुजरातेत कडाणा येथे धरणांनी अडविली आहे, आणि उंचावरून सोडलेल्या तिच्या पाण्यावर तेथे वीज निर्माण होते. धरणातील पाण्याची उंची जितकी अधिक, तितका खालच्या नळातील पाण्याचा जोर अधिक. विजेच्या बाबतीत या जोराला दाब म्हणतात आणि तो व्होल्टमध्ये मोजतात. तारेतून वाहणाऱ्या विजेला प्रवाह म्हणतात आणि तो अँपिअरमध्ये मोजतात. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ती, म्हणजेच वॅट. एक हजार वॅटचे काम २३० व्होल्टच्या विजेकडून करून घ्यावयाचे, तर सव्वाचार अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह लागतो. तेच काम १२० व्होल्टवर करावयाचे, तर आठ अँपिअरच्या वर प्रवाह लागतो. प्रवाह वाढला की तार तापते, आणि तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला, तर नासाडी चौपट. देशोदेशीच्या विजेचा बराचसा इतिहास या एका नियमात सामावलेला आहे.

अमेरिकेत थॉमस एडिसन यांनी ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट येथे वीजकेंद्र सुरू केले. त्या काळचे कार्बन तंतूचे दिवे सुमारे ११० व्होल्टच्या आसपास नीट चालत, म्हणून विजेचा दाबही तितकाच ठेवण्यात आला. दिव्यासाठी वीज होती, विजेसाठी दिवा नव्हता. पुढे ११० चे ११५, ११७ आणि अखेर १२० झाले, पण पाया तोच राहिला. युरोपातील शहरांनीही आरंभी असाच दाब स्वीकारला होता. मात्र १८९९ मध्ये बर्लिनच्या वीज कंपनीने हिशेब केला. अधिक दाब सोसणारे नवे दिवे तोवर निघाले होते. दाब दुप्पट केला, तर तांब्याच्या तारांवरील खर्चात एवढी बचत होणार होती की, ग्राहकांची जुनी उपकरणे बदलून देण्याचा खर्च त्यातून भागेल. बर्लिनने २२० व्होल्ट पसंत केले आणि युरोपातील इतर देश हळूहळू त्याच वाटेने गेले. अमेरिकेत तोपर्यंत इतक्या घरांत ११० व्होल्टची उपकरणे शिरली होती की, माघार घेणे परवडणारे नव्हते. म्हणजे जो पहिल्याने पुढे गेला, तोच जुन्या मापात अडकून पडला.

आज युरोप, भारत, ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिकेचा मोठा भाग २३० व्होल्टच्या गटात आहे. चीनमध्ये २२० व्होल्ट आहेत. अमेरिका आणि कॅनडा येथे १२० व्होल्ट असून मोठ्या उपकरणांसाठी त्याच घरात २४० व्होल्टही मिळतात. जपानमध्ये केवळ १०० व्होल्ट आहेत. ब्राझीलची तऱ्हा आणखी निराळी. तेथे काही भागांत १२७ तर काही भागांत २२० व्होल्ट असल्याने देशातल्या देशात घर बदलतानाही उपकरणाची पट्टी वाचावी लागते.

आकडा बदलणे अशक्य नसते. परंतु त्याला पिढी खर्ची पडते. दक्षिण कोरियाने ११० वरून २२० व्होल्टवर जाण्याचे काम १९७३ मध्ये हाती घेतले आणि ते २००५ मध्ये पूर्ण झाले. आपल्याकडे मुंबईच्या उपनगरी गाड्या १९२५ पासून १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर धावत. त्यांना २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेवर आणण्याचे काम हार्बर मार्गापर्यंत पूर्ण होण्यास २०१६ साल उजाडले. याउलट काही वेळा आकडा केवळ कागदावर बदलतो. इंग्लंडमध्ये २४० व्होल्ट होते आणि युरोपात २२०. दोघांचा मेळ घालण्यासाठी २३० हा मधला आकडा ठरला आणि १ जानेवारी १९९५ पासून इंग्लंडचा अधिकृत दाब २३० व्होल्ट झाला. पण घटबढीची मर्यादा अशी ठेवण्यात आली की, पूर्वीचे २४० तिच्यात आपोआप बसले. तारेतील वीज होती तशीच राहिली. भारतानेही इंग्लंडकडून आलेले २४० व्होल्ट पुढे २३० केले. शेतातील जुन्या मोटारीवर ‘४१५ व्होल्ट’ आणि नव्या कागदपत्रांत ‘४०० व्होल्ट’ असे जे दोन आकडे दिसतात, ते याच बदलामुळे. तिन्ही फेजांवर चालणाऱ्या यंत्रासाठीचा तो दाब आहे आणि त्यावरून मनात शंका आणण्याचे कारण नाही.

पट्टीवरील दुसरा आकडा हर्ट्झचा. प्रत्यावर्ती वीज एका सेकंदात किती आवर्तने पुरी करते, ते तो सांगतो. भारतात ५०, अमेरिकेत ६०. जपानमध्ये मात्र एकाच देशात दोन्ही आहेत. टोकियोने १८९५ च्या सुमारास जर्मन यंत्रे घेतली, ती ५० आवर्तनांची. ओसाकाने त्यानंतर थोड्याच काळात अमेरिकन यंत्रे घेतली, ती ६० आवर्तनांची. तेव्हापासून देशाचा पूर्व भाग ५० वर आणि पश्चिम भाग ६० वर चालतो. मार्च २०११ मधील भूकंप आणि सुनामीनंतर पूर्वेकडील वीजकेंद्रे बंद पडली, तेव्हा पश्चिमेकडून हवी तेवढी वीज पाठविता आली नाही. कारण एका वारंवारतेची वीज दुसरीत बदलणाऱ्या केंद्रांची सारी क्षमता मिळून सुमारे दहा लाख किलोवॅट इतकीच होती. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या दोन खरेदी-व्यवहारांची किंमत अशा रीतीने मोजावी लागली.

भारतातही आरंभी सारे एकसारखे नव्हते. म्हैसूर संस्थानातील शिवसमुद्रम येथून १९०२ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे जी वीज गेली, ती २५ आवर्तनांची होती. पुढे ५० हाच देशाचा मानक झाला. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताचे जाळे उर्वरित देशाच्या जाळ्याला एकाच ठेक्यात जोडले गेले. आज सरदारपूरच्या पिठाच्या गिरणीला आणि सोलापूरच्या यंत्रमागाला मिळणाऱ्या विजेची आवर्तने क्षणोक्षणी सारखीच असतात. दाबाचे मात्र तसे नाही. तो देशागणिक तर बदलतोच, पण एकाच गावात खांबागणिकही बदलतो, आणि ग्रामीण ग्राहकाच्या खिशाला चाट लागते ती या दुसऱ्या फरकामुळे.

ही गोष्ट थोडी विस्ताराने पाहिली पाहिजे. गावाबाहेरील खांबावर वा ओट्यावर रोहित्र असते; बोलीत त्याला डीपी म्हणतात. अकरा हजार व्होल्टची वीज तेथे ४०० आणि २३० व्होल्टवर उतरते. तेथून निघालेली लघुदाब तार घरे, पिठाची गिरणी, शाळा असे करीत शेवटच्या वस्तीपर्यंत जाते. या तारेला स्वतःचा रोध असतो. समजा, एका ग्राहकापर्यंत जाणाऱ्या-येणाऱ्या तारेचा रोध एक ओहम आहे आणि तिच्यातून वीस अँपिअर प्रवाह वाहत आहे. तर वाटेतच वीस व्होल्ट खर्ची पडतील आणि २३० ऐवजी २१० व्होल्ट हाती येतील. चाळीस अँपिअर वाहू लागले, तर १९० च उरतील. भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्ये लघुदाब ग्राहकासाठी घोषित दाबात सहा टक्क्यांहून अधिक फरक पडू नये, अशी मर्यादा घातली होती. २३० व्होल्टचा हिशेब धरला, तर ती मर्यादा साधारण २१६ ते २४४ एवढी होते. माळव्यात गहू-हरभऱ्याच्या पाण्याच्या दिवसांत, किंवा महाराष्ट्रात उसाला आणि कांद्याला पाणी देताना, तारेच्या टोकाशी याहून बरेच कमी व्होल्ट मिळाल्याचा अनुभव शेतकऱ्यांना नवा नाही.

दिवा मंद झाला, तर डोळ्यांना त्रास होतो. मोटारीचे तसे नसते. मोटारीचा पीळ दाबाच्या वर्गाप्रमाणे घटतो. दाब ८० टक्क्यांवर आला, तर पीळ ६४ टक्क्यांवर येतो. पाण्याचा भार मात्र तेवढाच असतो. तो ओढण्यासाठी मोटार अधिक प्रवाह घेते, तिचे वेटोळे तापते आणि अखेर जळते. त्यातच अनेकांनी पंपाला ऑटोस्विच बसविलेला असतो. वीज येताच साऱ्या शिवारातील मोटारी एकाच क्षणी सुरू होऊ पाहतात. चालू मोटारीपेक्षा सुरू होणारी मोटार कित्येक पट प्रवाह ओढते. दाब एकदम कोसळतो. कोणतीच मोटार धड सुरू होत नाही, सगळ्या नुसत्या घुमत राहतात आणि बहुधा डीपीचा फ्यूज उडतो. शेतकरी रात्रीअपरात्री शेतात जाऊ इच्छीत नाही, विंचू-काट्याचे भय असते, म्हणून ऑटोस्विच लावतो, हे खरेच आहे. परंतु शेजाऱ्यांनी आपसात ठरवून मोटारी चार-दोन मिनिटांच्या अंतराने सुरू होतील अशी व्यवस्था केली, तर त्याच तारेवर त्याच मोटारी चालतात. प्रत्येक मोटारीला योग्य क्षमतेचा कपॅसिटर जोडला, तर तारेतील निरर्थक प्रवाह कमी होतो आणि टोकाचे व्होल्ट वाढतात. फायदा एकट्याला होत नाही, सगळ्या रांगेला होतो. म्हणूनच कदाचित तो बसविण्यास कोणी पहिला पुढे येत नाही.

येथे पुन्हा अमेरिकेकडे वळावे लागते. १२० व्होल्टसारख्या कमी दाबावर तेथे विखुरलेल्या शेतघरांपर्यंत वीज कशी पोहोचते? तेथे कमी दाबाची तार लांबवर नेतच नाहीत. हजारो व्होल्टची वाहिनी थेट घराजवळच्या खांबापर्यंत आणतात आणि त्या खांबावर पिंपासारखे एक लहान रोहित्र टांगून दोन-चार घरांना, शेतात तर एकाच घराला, वीज देतात. महाराष्ट्रात महावितरण कंपनीने २०१८ पासून कृषिपंपांसाठी जी उच्चदाब वितरण प्रणाली राबविली, तिचे तत्त्व हेच आहे. अकरा हजार व्होल्टची वाहिनी शेतापर्यंत न्यावयाची आणि तेथे एक-दोन पंपांपुरते लहान रोहित्र बसवावयाचे. तितकीच शक्ती ४०० ऐवजी ११,००० व्होल्टवर वाहून नेली, तर प्रवाह सत्ताविसाव्या भागाहूनही कमी होतो आणि त्याच तारेतील नासाडी जवळजवळ साडेसातशेव्या भागावर येते. अशा वाहिनीवर आकडे टाकून वीज घेण्याचा मोहही कोणाला होत नाही, हा एक जादा लाभ. खर्च अर्थातच अधिक. रोहित्रांची संख्या वाढते. परंतु देशादेशांतील १२० किंवा २३० या आकड्यांपेक्षा, लघुदाबाची तार किती लांब आहे, हा प्रश्न शेवटच्या घराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे.

कमी दाबाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, धोका अचानक वाढणाऱ्या दाबाचा असतो. एका गल्लीतील पाच-सहा घरांचे दूरदर्शन संच एकाच संध्याकाळी जळाले, अशी बातमी अधूनमधून कानावर येते. ‘वरून व्होल्टेज जास्त सोडले,’ असे लोक म्हणतात. वरून कोणी काही सोडलेले नसते. रोहित्राकडून तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा येतात. प्रत्येक घर एका फेजच्या आणि न्यूट्रलच्या मधे जोडलेले असते, म्हणून त्याला २३० व्होल्ट मिळतात. दोन फेजांमधील दाब मात्र ४०० व्होल्ट असतो. न्यूट्रलची तार तुटली किंवा तिचा जोड सैल झाला, तर एका फेजवरील घर आणि दुसऱ्या फेजवरील घर यांची जणू एकच साखळी तयार होऊन ती ४०० व्होल्टवर लोंबकळते. या साखळीत ज्या घरी कमी उपकरणे चालू असतील, त्याच्या वाट्याला अधिक दाब येतो. एका घरी पाणी तापविण्याचा हीटर चालू आहे आणि दुसऱ्या घरी एक दिवा व दूरदर्शन संच. तर संचाला साडेतीनशेच्या वर व्होल्ट बसू शकतात. अधिक वीज वापरणारे घर वाचते आणि काटकसर करणारे घर जळते, असा हा उफराटा न्याय आहे. शिक्षकांना वर्गात हे दाखवावयाचे असल्यास घरातील वीज न वापरता विजेरीचे सेल आणि कमी-अधिक प्रवाहाचे दोन लहान बल्ब एकापुढे एक जोडावेत. कमी प्रवाहाचा बल्ब झगझगीत पेटतो आणि दुसरा मिणमिणतो.

न्यूट्रल गेल्याची खूण ओळखता येते. गावातील काही घरांचे दिवे एकदम प्रखर होतात आणि त्याच वेळी काहींचे मंदावतात. असे दिसताच आधी घराचा मेन स्विच बंद करावा. कारण शोधण्याचे काम त्यानंतरचे. या प्रसंगी रोहित्राजवळील अर्थिंगलाही फार महत्त्व असते. माळव्याची आणि विदर्भ-मराठवाड्याची काळी जमीन उन्हाळ्यात सुकून भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातील ओल जाते आणि न्यूट्रलला जमिनीचा मिळावा तितका आधार मिळत नाही. घरच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालण्याचा परिपाठ ठेवावा. रोहित्राच्या अर्थिंगचे काम मात्र वीज कर्मचाऱ्यांचेच; तेथे हात घालू नये.

स्टॅबिलायझर घेतला की प्रश्न मिटला, असे अनेकांना वाटते. साधा स्टॅबिलायझर कमी दाब वाढवून देतो, परंतु त्यासाठी तारेतून अधिक प्रवाह खेचतो. म्हणजे आपला फ्रिज सुखी होतो आणि पुढच्या खांबावरील शेजाऱ्याचे व्होल्ट आणखी उतरतात. प्रत्येक घरी स्टॅबिलायझर आला, तर सारी वस्तीच खोलात जाते. मोबाइलच्या चार्जरला हा सारा घोळ ठाऊकच नसतो. त्याच्या पाठीवर ‘१०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे लिहिलेले असते. तो ओसाकात, न्यूयॉर्कमध्ये आणि सरदारपूरच्या शेवटच्या खांबावरही सारखाच चालतो. परदेशी जाणाऱ्याने आपल्या सामानातील कोणत्या उपकरणावर अशी ओळ आहे, ते निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. ती असेल, तर नुसता पिनांचा अडॅप्टर पुरतो. नसेल, तर उपकरणाच्या वॅटला पुरेल असे रोहित्र लागते, आणि मिक्सरसारख्या उपकरणासाठीचे ते चांगलेच जड असते. ते ओढत नेण्यापेक्षा मिक्सर तिकडेच विकत घेणे सोयीचे.

कमी दाब माणसाला कमी घातक असतो, हे खरे. म्हणूनच इंग्लंडमध्ये बांधकामाच्या जागी हत्यारे मुद्दाम ११० व्होल्टवर चालवितात. परंतु भारतातील घरात २३० व्होल्टच येणार असल्याने, पावसाळ्यात ओल्या भिंतीला किंवा लोखंडी खाटेला वीज उतरली, तर प्रवाह तत्काळ तोडणारे गळतीरोधक स्विच (ईएलसीबी) बसविणे, हाच त्यावरील उपाय आहे. घराच्या वायरिंगच्या एकूण खर्चात त्याची किंमत फार नसते.

राहता राहिली तक्रार. ती १९१२ या क्रमांकावर नोंदविता येते, तशीच जवळच्या वीज कार्यालयात लेखीही देता येते. ‘व्होल्टेज फार कमी आहे’ एवढेच वाक्य लिहिलेल्या अर्जाचे अभियंत्याला फारसे काही करता येत नाही. त्याऐवजी रोहित्रावर रंगविलेला क्रमांक, घराजवळील खांबाचा क्रमांक, आणि आठवडाभर सकाळी सहा, दुपारी दोन व रात्री आठ अशा तीन वेळांना घेतलेले व्होल्टमीटरचे वाचन अर्जात लिहावे. हे मीटर ग्रामपंचायतीने किंवा शाळेने एकदा घेऊन ठेवले, तर साऱ्या गावाला पुरते. वाचन मात्र जाणत्या वायरमनकडूनच घ्यावे. दिवसभर आकडा ठीक असून फक्त पंपांच्या वेळी पडत असेल, तर रोहित्रावर भार अधिक आहे. सदोदित कमीच असेल, तर तार बारीक किंवा फार लांब आहे. एका बाजूच्या घरांचाच आकडा पडत असेल, तर एकाच फेजवर घरे अधिक जोडली गेली आहेत, आणि हा शेवटचा दोष तर नवे सामान न आणता, खांबावरील जोड बदलूनच एका दुपारीत दुरुस्त होतो.